वनिताच्या बी.एस्सी.चं मी मांडलेलं गणित

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं म्हणता येणार नाही — वेळ आली, बऱ्याचदा आली, आणि दर वेळी मी काहीतरी निमित्त काढून उठलो. कधी पाणी प्यायला, कधी पंप बंद करायला. एकवीस-बावीस वर्षं मी असा उठतोच आहे. आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे आणि गुडघे धड उठू देत नाहीत. म्हणून लिहितो. समोर माणूस नसला की जीभ जरा सैल होते.

पण सुरुवात कुठून करू? चिडचिडीपासून करतो. ती रोजचीच आहे.

उरणच्या बाजूच्या आमच्या गावात रसायनशास्त्र घेऊन पहिला बी.एस्सी. झालो तो मी. पुढे एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. एवढ्यावर गावाने मला शिक्षणातला जाणकार ठरवून टाकलं. बारावीचे निकाल लागले की ओटीवर माणसं यायला लागतात. बाप पुढे, पोर मागे मोबाइलमध्ये, आणि प्रश्न ठरलेला — "काका, केमिस्ट्रीला स्कोप हाय का?" हा 'स्कोप' ऐकला की माझं डोकं फिरतं. स्कोप म्हणजे काय? पैसे किती मिळतील, एवढंच ना? मग तसं सरळ विचारा की!

तरी मी सांगतो. आणि खरं सांगतो. अनुदानित कॉलेजात फी फार नसते. खरा खर्च असतो तो तीन वर्षांचा, ज्या तीन वर्षांत शेजारचा पोरगा बंदरावर ट्रेलर चालवून कमावता होतो. पदवी हातात आली तरी पहिली चार-पाच वर्षं कंत्राटावर जातात, आणि पगार त्या ट्रेलरवाल्याच्या निम्मा. नुसत्या बी.एस्सी.वर थांबलात तर बाटल्या विसळायलाही उभं करतात. पण यंत्रं हाताळायला शिकलात, जमलं तर एम.एस्सी. केलंत, कुठे कायम झालात — तर बारा-पंधरा वर्षांनी तो ट्रेलरवाला कंबर धरून बसलेला असतो, आणि तुम्ही पंख्याखाली बसून रिपोर्टवर सही करत असता. लगेच मिळत नाही, उशिरा मिळतं, आणि मिळेलच असं कुणी लिहून देत नाही. लोकांना हे उत्तर आवडत नाही. त्यांना हो किंवा नाही ऐकायचं असतं.

बघा — किती नीट सांगतो मी. पदवीच्या बाजूने बोलत नाही, विरुद्धही बोलत नाही. मग ज्या एका घरात हे असंच सांगायला हवं होतं, तिथे का नाही सांगितलं?

थांबा. आधी दाखल्याचं सांगायला हवं.

आमच्या वडिलांचं मिठागर होतं, जोडीला थोडी भातशेती. दोन्ही प्रकल्पात गेलं. अशी जमीन गेलेल्या घराला प्रकल्पग्रस्ताचा एक दाखला मिळतो. त्या दाखल्यावर घरातल्या एकाच माणसाला नोकरीत राखीव जागा मागता येते. एकदा वापरला की संपला. आमच्या पट्ट्यात या एका कागदापायी सख्खे भाऊ कोर्टात गेले आहेत. वडिलांना त्याची धास्ती होती. म्हणून त्यांनी शेवटच्या आजारात मला आणि धाकट्या भावाला, हिरामणला, जवळ बसवून सांगितलं, "तुमच्या पोरांत जो पयला पदवी घेल, त्याचा दाखला. भांडू नका." मला माझी नोकरी होतीच, ती मी माझ्या पदवीवर मिळवली होती. हिरामण मिठागरावरचा माणूस, मिठागर गेल्यावर एका गोदामावर राखणदार झाला. दाखला सांभाळायला माझ्याकडे दिला. का? तर मी शिकलेला.

मला एकच मुलगा, जयेश. हिरामणला एकच मुलगी, वनिता.

वनिताला रसायनशास्त्राचं वेड कुठून लागलं ते मला माहीत आहे. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, थोडं पाणी उरतं, ते कडू असतं. आम्ही ते पिढ्यान् पिढ्या ओतून देत आलो. मिठागर अजून शाबूत होतं, तेव्हा ही आठवीतली मुलगी एका कळशीत ते पाणी घेऊन माझ्याकडे आली — "काका, मीठ खारट मग हे कडू का?" मी मॅग्नेशियमचं काहीतरी सांगितलं. मुलं ऐकतात आणि पळतात. ही गेली नाही. तिने ते पाणी तव्यावर आटवलं, उरलेली पांढरी पूड कागदात बांधून आणली आणि म्हणाली, "आता हे काय आहे ते सांगा." तवा गेला तो गेलाच. तिच्या आईने तिला बदडलं. बारावीला रसायनशास्त्रात शंभरात एक्क्याण्णव पडले तेव्हा ती गुणपत्रिका घेऊन आधी माझ्याकडे आली, मग बापाकडे.

आणि माझा जयेश? बारावीला दोनदा आपटला आणि आयटीआय करून घरी बसला. तो पदवी घेणार नव्हता. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

वनिता बारावी झाली त्याच उन्हाळ्यात बंदराजवळच्या एका कंपनीत ऑपरेटरच्या जागा निघाल्या. दाखलेवाल्यांना प्राधान्य, आयटीआय चालेल. अर्जाला महिनाभराची मुदत. दाखला माझ्या कपाटात होता, पण तो जयेशच्या नावावर लावायला हिरामणची लेखी संमती हवी होती. आणि हिरामणची मुलगी तीन वर्षांनी बी.एस्सी. होणार होती. तिच्यासाठीही त्या बाजूला जागा निघणारच होत्या, प्रयोगशाळेतल्या, माझ्यासारख्या. वडिलांच्या शब्दाप्रमाणे दाखला तिचा होता. त्यात शंकेला जागाच नव्हती.

अजून एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गावात पालखीची, होळीची, क्रिकेटच्या सामन्यांची वर्गणी माणसाची नोकरी बघून ठरते. ज्याचा पगार मोठा त्याच्या नावाची पावती मोठी. त्यामुळे गावातला कुठलाही नोकरदार आपला पगार खरा सांगत नाही. सगळे निम्मा सांगतात, आणि पावती फाडणारे मनातल्या मनात दुप्पट धरतात. गंमतच होती ती. मीही निम्माच सांगायचो. सांगता सांगता इतकी सवय झाली की सख्ख्या भावालाही माझा खरा पगार ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर पुढचं काही जमलंच नसतं मला.

आता ते सांगतो.

एका संध्याकाळी हिरामण वनिताला घेऊन आला. पिशवीत बोंबील होते, माझ्या बायकोला दिले. ओटीवर बसला आणि म्हणाला, "दादा, पोरगी केमिस्ट्री करीन बोलतेय. परवडंल का नाय, तू बोलशील तसा. माला यातला काय कलतंय?"

त्या दिवशी सकाळी कंपनीत एक टँकर आला होता. नमुना तपासला, मालाचा जोर सांगितल्यापेक्षा किंचित कमी भरला. ड्रायव्हर मागे लागला, "साहेब, पॉइंट दोनचा तर फरक आहे, लिहा ना बरोबर, कोण बघतंय?" मी पुन्हा तपासला, डोळा काचनळीच्या रेषेवर आणून आकडा घेतला, तोच आला, आणि टँकर परत पाठवला. एकतीस वर्षांत मी एकही खोटा आकडा नोंदवहीत लिहिला नाही. एकही! याचा मला अजून गर्व आहे. काय करू या गर्वाचं?

कारण त्याच संध्याकाळी, त्याच हाताने मी वहीचं पान घेतलं, मधोमध रेघ मारली आणि डावीकडे खर्च लिहायला लागलो. फी. पुस्तकं. ॲप्रन. मग होस्टेल आणि खाणावळ लिहिली — उरणहून पनवेलला रोज एसटीने मुली जात होत्या, मला माहीत होतं. फी-सवलत तिला मिळाली असती, तेही मला माहीत होतं, ते लिहिलं नाही. तीन वर्षं ती काही कमावणार नाही, त्याचेही पैसे धरले. बेरीज अशी आली की हिरामणने नुसतं "बापरे" म्हटलं.

उजवीकडे मिळकत. तिथे मी एकच आकडा लिहिला — महिना तीन हजार. कंत्राटदाराकडून आलेल्या नव्या पोराला आमच्याकडे तेवढेच मिळत होते, म्हणजे आकडा खोटा नव्हता. बघा ना किती हुशार! पण तो पहिल्या वर्षाचा होता आणि मी तो कायमचा म्हणून लिहिला. हिरामणने विचारलं, "आन धा-वीस वरसांनी?" मी म्हटलं, "माझ्याकडे बघ की. एवढं शिकून मी काय मोठा उजेड पाडलाय?" आणि वर्गणीवाल्यांना सांगायचो तो पगार सांगितला. त्यातूनही हजार कमी करून. त्या महिन्यात माझ्या हातात चौदा हजारांच्या वर पडले होते.

वनिता खांबाला टेकून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मग काका, तुम्ही का केलीत केमिस्ट्री?"

"तेव्हा मला सांगायला माझ्यासारखा काका नव्हता," मी म्हणालो. हिरामण मोठ्याने हसला. तीही थोडी हसली. मी — मीही हसलो.

झालं. एवढंच. कुणी रडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. तिने ते पान उचललं, वरपासून खालपर्यंत वाचलं, बेरीज तपासली — बेरीज बरोबर होती — आणि परत ठेवलं. माझ्यावर तिचा विश्वास होता. आम्ही दोघं एका विषयाची माणसं होतो ना.

आठ दिवसांनी हिरामणने संमतीवर सही केली. मी मागितलीसुद्धा नाही, तोच म्हणाला, "आता पोरीला नकोच हाय, तर जयेशचा तरी व्हवंदे." तहसील कचेरीबाहेर त्यानेच मला चहा-भजी खिलवली. मी खाल्ली.

जयेशला नोकरी लागली. पाच वर्षांत सोडली. रात्रपाळी सोसेना, साहेबाशी पटेना, मग कर्ज काढून ट्रेलर घेतला. आज त्याचे दोन आहेत. बरं चाललं आहे. ओटीवर कुणी पोराला घेऊन आलं की तो आतून ओरडतो, "पप्पा, कशाला फसवता त्यांना? डिग्रीनं काय होतं?" दाखला वापरून संपला, नोकरी गेली, आणि ज्याच्यासाठी केलं तोच मला हे ऐकवतो. चीड येते. त्याची येते की माझी, ते मात्र नीट सांगता येत नाही.

वनिताने दोन वर्षं एका कंटेनर यार्डात नोंदी लिहिल्या. मग अलिबागजवळच्या नागावला लग्न झालं. तिच्या हळदीला आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे अख्खं गाव जेवलं, मटण, बँड, सगळं. त्या एका हळदीत हिरामणचे जेवढे गेले, तेवढ्यात तिची तीन वर्षं झाली असती — मी घुसडलेल्या होस्टेलसकट. मी तिथे टोपाजवळ उभा राहून वाढप्यांना सूचना देत होतो आणि मनात बेरीज करत होतो. तेव्हा तरी बोलायचं? बोललो नाही.

लोक म्हणतात तिचं चांगलं झालं. नारळाची वाडी आहे, चार खोल्यांचा होमस्टे आहे, शुक्रवारपासून रविवारपर्यंत मुंबईची माणसं भरलेली असतात. ती त्यांना रांधून घालते. हसतमुख आहे. हे 'चांगलं झालं' मी बरीच वर्षं उशाशी घेतलं. पण तिचं चांगलं झालं ते तिने केलं म्हणून. माझ्या त्या पानाचा त्यात काय संबंध?

आणि हिरामण! तो तर गावभर सांगत फिरायचा, "आमच्या दादानी येलेवर सांगितला म्हणून वाचलो, नायतं पोरीची तीन वरसा फुकट गेली असती." माझ्यासमोर सांगायचा, खांद्यावर हात ठेवून. चार वर्षांपूर्वी तो गेला. तो हे असंच समजून गेला. त्याला आता काय सांगणार आणि कुठे?

एवढंच असतं तर कदाचित मी हेही लिहिलं नसतं. पण या वर्षी जे झालं ते —

जूनमध्ये वनिता आली. बरोबर नवरा, सुधीर, आणि मुलगी, तन्वी. तन्वी बारावी झाली. तिला रसायनशास्त्र करायचं आहे. सुधीरचं म्हणणं, घरचा धंदा आहे, किनाऱ्यावर बोटी आहेत, हिशेब सांभाळणारं माणूस हवं, शिकून तिला कुठे कंत्राटावर पाठवायची? तोही चुकीचं बोलत नव्हता. वनिता म्हणाली, "काका, यांना तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाहीत. तुमच्यावर माझा भरवसा आहे, जे आहे ते सांगाल."

मी जे आहे ते सांगितलं. सगळं. पहिल्या पाच वर्षांचं वाईट सांगितलं, पुढचं बरंही सांगितलं. सुधीरचा विश्वास बसेना, तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा घराबाहेरच्या माणसाला माझा खरा पगार सांगितला — निवृत्त होताना किती होता, फंडातून हे घर कसं बांधलं. सुधीरने तो आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, "एवढं असतं होय? मग शिकू दे."

तन्वी तर उडालीच. माझ्या पाया पडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? वाटलं, फिटलं. इतक्या स्वस्तात?

निघताना सुधीर गाडी वळवत होता. वनिता पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. मान वर न करता तिने विचारलं, "काका, तेव्हाही चांगला होता का हो पगार?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बाजारात कोळणीला भाव विचारावा तसं विचारलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. आधीच्या वेळी कुणी ना कुणी असायचं, आता नव्हतं. उत्तर एका शब्दाचं होतं.

मी म्हणालो, "नाही गं. तेव्हा कुठला? नंतर वाढलं सगळं."

"हां, तेच म्हटलं," ती म्हणाली, आणि उठली. तिचा चेहरा मोकळा झाला. मला तेच सहन होत नाही. तिच्या मनात इतक्या वर्षांनी खरी शंका आली होती, तीही मी काढून घेतली. पहिल्या खोट्याला निदान जयेशचं नाव तरी लावता येतं. बाप होतो, आंधळा झालो, वगैरे. या दुसऱ्या खोट्याला कुणाचं नाव लावू? त्यातून कुणालाच काही मिळणार नव्हतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी फक्त माझी इभ्रत वाचवली. तीसुद्धा एका पायरीवर, एका माणसापुढे.

त्यानंतर मी तीनदा नागावला गेलो. करंजाहून बोटीने रेवस, तिथून एसटीने अलिबाग, पुढे रिक्षा. या गुडघ्यांनी. घरी सांगितलं, हवापालट. पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता, पाहुणे भरलेले, तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी सुरमई खाऊन परत आलो. दुसऱ्यांदा ती तन्वीच्या प्रवेशासाठी अलिबागला गेलेली. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं.

तिसऱ्यांदा, मागच्या मंगळवारी, ती एकटी होती. मागच्या पडवीत कोलंबी सोलत बसली होती. मी समोर खुर्ची ओढून बसलो. बोटीत बसल्यापासून वाक्य घोळवत होतो. म्हटलं, "वनिता."

"बोला ना, काका."

तिने हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तन्वीला सांगून ठेव. पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, हळूहळू. पाणी ॲसिडमध्ये ओतायचं नाही. उडतं."

ती हसायला लागली. "अहो काका, हे तुम्हीच शिकवलं होतं मला. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आधी. अजून लक्षात आहे माझ्या." आणि पुन्हा कोलंबी सोलायला लागली.

मला ते म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं — वनिता, तेव्हाही पगार चांगला होता. मला माहीत होतं. दाखला जयेशला मिळावा म्हणून तुझ्या वडिलांसमोर बसून मी मुद्दाम खोटं लिहिलं, आणि या जूनमध्ये तू विचारलंस तेव्हा पुन्हा खोटं बोललो. तू चांगली केमिस्ट झाली असतीस. माझं चुकलं, पोरी.